एक गेला, दहा उरले

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बीड जिल्ह्यातल्या माणसानं फुटबॉलवर बोलायचं म्हणजे दुष्काळी गावात होडीची शर्यत लावण्यासारखं आहे, हे मला मान्य आहे. आमचा जिल्हा कुस्तीचा, कबड्डीचा, पळणाऱ्या पोरांचा. पाटोद्याच्या राहुल आवारेनं 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणलं आणि 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकला आणि 2024 ला पॅरिस ऑलिंपिकची अंतिम शर्यत धावला. बीडला जन्मलेल्या संजय बांगरनं 2002 साली इंग्लंडमध्ये लीड्सच्या कसोटीत सलामीला येऊन 68 धावांची चिवट खेळी केली.

या तिघांत एक गोष्ट सारखी आहे. तिघांचीही मोठी मजल जिल्ह्याबाहेर जाऊन झाली. आवारे पुण्याच्या तालमीत गेला, साबळे सैन्यात गेला, बांगर रेल्वेकडून खेळला. जाणाऱ्याचा सत्कार होतो, मिरवणूक निघते, गुलाल उधळला जातो. पण गुलाल झटकून झाल्यावर जे मागे उरतात, त्यांचं काय होतं? आज मला त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. आणि त्यासाठी फुटबॉलइतका सोयीचा खेळ नाही, कारण फुटबॉलमध्ये एक गेला तरी दहा उरतात आणि त्या दहांना पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात उतरावंच लागतं.

मी बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यातल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होतो. मैदान म्हणजे शाळेमागचा माळ. गोलाचे खांब बांबूचे. चेंडू फाटला की बाजारच्या दिवशी चांभाराकडून शिवून आणायचा. पोरं अनवाणी खेळायची, त्यामुळे कुसळं काढण्यात पहिली दहा मिनिटं जायची. तरीही 1996 साली आमच्या शाळेनं फुटबॉलचा जिल्ह्याचा करंडक जिंकला, आणि तो एका पोरामुळे जिंकला.

त्याचं नाव सांगत नाही. नववीत होता. आई-बाप ऊसतोडीला जायचे, हा आजीजवळ राहायचा. पायात चेंडू आला की माळावरची खडी सुद्धा त्याच्या वाटेतून बाजूला व्हायची, असं वाटायचं. मी फुटबॉल पुस्तकातून शिकलेला माणूस. मला डावपेच एकच सुचला. बाकीच्या दहा जणांना सांगून ठेवलं, ‘चेंडू मिळाला की त्याच्याकडे द्या आणि बाजूला व्हा.’ पोरांनी तो मंत्र पाठ केला. अंतिम सामना आम्ही तीन विरुद्ध एक असा जिंकला. तिन्ही गोल त्याचेच.

पुढच्या वर्षी स्पर्धा दसऱ्यानंतर गेली. आमच्या भागातल्या श्रोत्यांना दसऱ्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. गाड्या भरायला लागतात. भांडी, पीठ, शेळी, लहान लेकरं, सगळं बरोबर. गावात म्हातारी माणसं उरतात. त्याचा बाप मला भेटायला आला. म्हणाला, ‘गुरुजी, लेकीचं लगीन काढलंय. मुकादमाकडून उचल जास्त घेतली. पोराला धरून दीड कोयता होतोय.’ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा. माझा सेंटर फॉरवर्ड अर्धा कोयता होऊन कर्नाटकात गेला. मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेलाही आला नाही.

आम्ही पहिलाच सामना शून्य विरुद्ध पाच असा हरलो. हरण्याचं मला दुःख नव्हतं. पण त्या सामन्यात जे पाहिलं ते मी विसरलो नाही. आमच्या पोरांच्या पायात चेंडू यायचा आणि ती मान वर करून त्याला शोधायची. तो तिथं नाही हे माहीत असूनही शोधायची. वर्षभरात ती दुसरं काही शिकलीच नव्हती. मीच शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून मला एक खोड लागली. कुठला मोठा खेळाडू कुठला क्लब सोडून गेला, अशी बातमी दिसली की ती कापायची आणि वहीत चिकटवायची. मग दोन-चार वर्षांनी पुन्हा पाहायचं की त्या क्लबचं पुढं काय झालं. ही वही आज माझ्यासमोर आहे. तिच्यातली दोन-तीन पानं तुम्हाला वाचून दाखवतो.

पहिलं पान गोव्याचं. चर्चिल ब्रदर्स हा तिथला नावाजलेला क्लब. त्यांच्याकडे ओडाफा ओकोली नावाचा नायजेरियाचा खेळाडू होता. 2008-09 च्या हंगामात त्यानं आय-लीगमध्ये 26 गोल केले आणि चर्चिलनं विजेतेपद मिळवलं. 2011 मध्ये तो मोठी रक्कम घेऊन कोलकात्याच्या मोहन बागानकडे गेला. लोक म्हणाले, आता चर्चिल संपलं. पण 2012-13 मध्ये चर्चिलनं पुन्हा आय-लीग जिंकली. लेनी रॉड्रिग्ससारखी गोव्याची पोरं संघात होती, सुनील छेत्री हंगामाच्या उत्तरार्धात उसना आणलेला होता, आणि गोल करायचं काम एकाच माणसाच्या गळ्यात बांधलेलं नव्हतं. एक हुकमी पत्ता गेल्यावर बाकीच्यांनी डाव वाटून घेतला, असं मी तिथं लिहून ठेवलं आहे.

शेजारचंच पान त्याच गोव्यातल्या धेंपो क्लबचं. 2004-05 ते 2011-12 या आठ हंगामांत धेंपोनं पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. संघात महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही गोव्याची भक्कम फळी, आणि पुढे गोल करायला रँटी मार्टिन्स. 2011-12 च्या एका हंगामात रँटीनं 32 गोल केले. त्यानंतर तो कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला. थोड्याच काळात कुलासोही गेले. ज्या गोव्याच्या पोरांनी हे सगळं उभं केलं होतं, त्यांची वयंही एकदमच झाली. 2014-15 मध्ये धेंपोची आय-लीगमधून खालच्या श्रेणीत घसरण झाली. पुढच्या वर्षी तो परत वर आला खरा, पण 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन गोमंतकीय क्लबांनी आय-लीगमधून अंगच काढून घेतलं. पुन्हा आय-लीगमध्ये दिसायला धेंपोला 2024 उजाडलं.

दोन्ही क्लब एकाच राज्यातले, दोघांचेही गोल करणारे परदेशी, दोघेही कोलकात्याला गेले. मग फरक कशात पडला? माझ्या मते, चर्चिलचा एक खेळाडू गेला, तर धेंपोची एक पिढीच गेली. रँटी गेल्याची बातमी छापून आली. पण बाकीचे हळूहळू थकत होते, आणि त्याची बातमी कुणी छापत नाही. शेतकऱ्याला हे लगेच कळेल. पिकाला कीड लागली तर दिसते, जमिनीचा कस उतरतो तो दिसत नाही.

आपल्या मुंबईच्या महिंद्र युनायटेडचं एक पान आहे, ते छोटंच आहे. 2005-06 ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकलेला हा संघ 2010 मध्ये बंद केला गेला. तिथं खेळाडू सोडून गेले नव्हते, मालकांनीच संघ गुंडाळला. तेव्हा क्लब ताऱ्यांवर तर अवलंबून असतातच, पण आकाशही कुणाच्या तरी मालकीचं असतं, हे त्या पानानं शिकवलं.

आता मोठं पान, इटलीतल्या नेपल्स शहराचं. 1984 मध्ये दिएगो मॅराडोना नापोली क्लबमध्ये आला. तोवर इटलीच्या उत्तरेतले श्रीमंत क्लब दक्षिणेतल्या या गरीब शहराला हिणवायचे. 1987 मध्ये नापोली इतिहासात पहिल्यांदा इटलीचा विजेता झाला, 1989 मध्ये युएफा करंडक जिंकला, 1990 मध्ये पुन्हा विजेता झाला. शहरानं त्याला देव केलं. पण देव केला की देवळातून बाहेर पडायची सोय राहत नाही. 1989 मध्ये मॅराडोनाला फ्रान्सच्या मार्सेल क्लबकडे जायचं होतं, असं पुढे त्यानंच सांगितलं. क्लबच्या अध्यक्षांनी त्याला सोडलं नाही. दोन वर्षांनी, 1991 मध्ये, तो अमली पदार्थाच्या तपासणीत सापडला, त्याच्यावर पंधरा महिन्यांची बंदी आली आणि नापोलीकडून तो पुन्हा कधीच खेळला नाही.

नापोलीची उतरण तिथून सुरू झाली. 1998 मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली, 2004 मध्ये क्लबचं दिवाळं निघालं आणि तिसऱ्या श्रेणीतून पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. त्याचा दहा नंबरचा सदरा क्लबनं कायमचा बाजूला ठेवला, 2020 मध्ये तो वारल्यावर मैदानाला त्याचं नाव दिलं. पण पुढचं विजेतेपद यायला 2023 साल उजाडलं. म्हणजे तेहतीस वर्षं!

याच्या पुढचा भाग फार बोलका आहे. 2023 च्या विजयात व्हिक्टर ओसिमेन आणि क्वारात्स्खेलिया हे दोन हिरे होते. विजयानंतर प्रशिक्षक स्पालेत्ती गेले, बचावाचा कणा असलेला किम मिन-जे गेला. दोन्ही हिरे मात्र राहिले. पुढच्या हंगामात नापोली कितवा आला? दहावा. मग ओसिमेन तुर्कस्तानात खेळायला गेला आणि जानेवारी 2025 मध्ये, ऐन हंगामात, क्वारात्स्खेलियाही पॅरिसला गेला. दोन्ही हिरे नाहीत. आणि नवे प्रशिक्षक कोन्ते यांच्या हाताखाली नापोलीनं 2025 मध्ये पुन्हा विजेतेपद मिळवलं.

ही दोन वर्षं मी वहीत शेजारी-शेजारी चिकटवली आहेत. हिरे होते तेव्हा दहावा, हिरे गेले तेव्हा पहिला. याचा अर्थ हिरा नको, असा मी काढत नाही. मॅराडोनाशिवाय नापोली तिथवर गेलाच नसता, आणि आमच्या त्या पोराशिवाय आम्हाला जिल्ह्याचा करंडक दिसला नसता. अर्थ एवढाच, की हिऱ्याइतकीच कोंदणाची काळजी घ्यावी लागते. शिकवणारा कोण, मागची फळी कशी, आणि जागा रिकामी झाली तर तिथं उभं राहायला कोण तयार आहे, हे तीन प्रश्न हिरा असतानाच विचारायचे असतात. तो गेल्यावर विचारले तर फक्त शोक करता येतो.

लिओनेल मेस्सी 2021 मध्ये बार्सिलोना सोडून गेला तेव्हा कॅमेऱ्यासमोर रडला, आणि त्याच्याबरोबर जग रडलं. पण 2022-23 ची स्पॅनिश लीग बार्सिलोनानं जिंकलीच. त्या संघात गावी आणि बाल्दे ही क्लबच्या स्वतःच्या शाळेत वाढलेली पोरं होती. मेस्सीही त्याच शाळेतून आला होता. विहिरीचा झरा जिवंत असेल तर पोहरा कितीही मोठा भरून गेला तरी चालतं.

आपल्या महाराष्ट्रात हा झरा पाहायचा असेल तर कोल्हापूरला जावं. तिथल्या फुटबॉल संघांची नावंच ऐका: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. खेळ फुटबॉलचा, पण नाव तालमीचं. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा लोटतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये भारताकडून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला. तो गेला म्हणून तिथल्या गल्लीतला खेळ थांबला नाही. कुस्तीच्या तालमीत जशी वस्तादाची नजर थोरल्या पैलवानावर असते तशीच लाल मातीत लोळणाऱ्या पोरावरही असते, तसा हा हिशेब आहे.

आता पुन्हा आमच्या माळावर येतो. त्या शून्य-पाचच्या पराभवानंतर आम्ही तीन नियम केले.

पहिला नियम बुधवारचा. दर बुधवारी संघातला सगळ्यात चांगला पोरगा गोलकीपर म्हणून उभा राहायचा. त्या दिवशी बाकीच्यांनी त्याच्याशिवाय गोल करायचे, आणि त्यानंही मागून बघायचं की सगळे कसे खेळतात. सुरुवातीला पोरं कुरकुरली. दोन महिन्यांनी ज्याला कुणी कधी पास देत नव्हतं अशा एका बुटक्या पोरानं एका बुधवारी चार गोल केले. तो आधीही तितकाच चांगला होता. आम्ही त्याच्याकडे चेंडू जाऊ दिला नव्हता.

दुसरा नियम जोडीचा. प्रत्येक जागेसाठी दोन नावं वहीत लिहायची, एक थोरला, एक धाकटा. थोरल्यानं धाकट्याला शिकवायचं. आमच्याकडे तर ही गरजच होती, कारण दसऱ्याला निम्मा संघ गाड्यांत बसून जायचा. मोठ्या क्लबांना खेळाडू कधी जाईल हे माहीत नसतं. आम्हाला तारखेसकट माहीत होतं. तरी इतकी वर्षं आम्ही तयारी केली नव्हती, ही आमची शहाणपणाची गत!

तिसरा नियम असा, की खेळाडूंसाठी बाहेरून आलेलं कुठलंही पत्र परिपाठाच्या वेळी सगळ्या शाळेसमोर वाचायचं.

या नियमांनंतर आम्ही फार मोठा पराक्रम केला असं नाही. जिल्ह्याचा करंडक पुढच्या वीसेक वर्षांत दोनदाच आला. पण एकही वर्ष असं गेलं नाही की आमचा संघ उतरला नाही. दिवाळीनंतरसुद्धा माळावर अकरा पोरं असायची. आणि दरवर्षी कुणी ना कुणी बाहेर जायचा, सैन्यभरतीत, शहरातल्या कॉलेजात, तेव्हा मला पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं नाही. मी म्हणायचो, जा बाबा, तुझी जागा भरलेली आहे. हे वाक्य ऐकायला कठोर वाटतं. पण जाणाऱ्याला याहून मोठा आशीर्वाद नाही, असं माझं मत झालं आहे.

आता तो तिसरा नियम का केला, ते सांगतो. इतका वेळ मी ते सांगायचं टाळलं.

1996 च्या त्या अंतिम सामन्याच्या आधी आठवड्याभरात शाळेत एक पत्र आलं होतं. पुण्याच्या एका निवासी क्रीडा शाळेत निवड चाचणी होती. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं फुकट. आमच्या पोराला बोलावलं होतं. चाचणीचा दिवस आणि आमच्या अंतिम सामन्याचा दिवस एकच. मी ते पत्र वाचलं, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवलं. मनाशी म्हणालो, पुढच्या वर्षी पाठवू. पोर लहान आहे, एक वर्षानं काय बिघडतं? पुढच्या वर्षी तो उसाच्या फडात होता, आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्याचं वय बसत नव्हतं. करंडक मात्र मुख्याध्यापकांच्या कपाटात बसला.

मी त्याला कधी सांगितलं नाही. नापोलीच्या अध्यक्षांना दोष देताना म्हणूनच माझी जीभ अडखळते. एका माणसावर अवलंबून असलेला संघ तो गेल्यावर कोलमडतो, हे सगळे सांगतात. पण त्याच्या आधी तो संघ आणखी एक गोष्ट करतो. तो त्या माणसाला जाऊ देत नाही. आपली तयारी नसते, आणि किंमत त्यानं मोजायची असते.

2014 मध्ये जून महिन्यात, शाळा उघडली त्या आठवड्यात, एक ट्रॅक्टर फाटकाशी थांबला. तो उतरला. तिशी ओलांडलेली, हातावर कोयत्याचे वण. आता ट्रॅक्टर चालवतो म्हणाला. बरोबर पोरगा होता, सहावीत घालायला आणलेला. माझ्या पाया पडला. म्हणाला, ‘सर, माळावर खेळू द्या ह्याला.’ मी म्हणालो, देतो की. तो जायला निघाला, पुन्हा वळला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, ‘फक्त, सर, ह्याचं कुठलं पत्र आलं तर खणात ठिवू नका.’

त्याला माहीत होतं. शाळेच्या शिपायानं त्याला तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे अंतिम सामन्याच्या दिवशी, ते तीन गोल करताना, त्याला माहीत होतं.

मला काही सुचेना. मी म्हणालो, ‘आता आपल्याकडं पत्रं परिपाठाला वाचतात.’ तो म्हणाला, ‘मग बरंय.’ आणि ट्रॅक्टर सुरू करून निघून गेला.

पोरगा बापासारखा निघाला नाही. डाव्या बाजूचा बॅक झाला, चिवट आणि भरवशाचा. त्याला कुठलं पत्र आलं नाही. पण तो एकाही दसऱ्याला गाडीत बसला नाही आणि मी निवृत्त झालो त्या वर्षी दहावी पास झाला. त्याच्या जागेवर खेळायला धाकटा तयार होता.